एकतीस डिसेंबरची छाननी

पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून नोकरी करताना ग्रामपंचायतींची दप्तरे तपासणे हे माझे रोजचे काम असते, पण ज्यांच्या सह्यांनी ती दप्तरे भरलेली असतात त्या माणसांकडे एकाच दिवशी, एकाच टेबलावरून पाहण्याची संधी 31 डिसेंबर 2020 रोजी मिळाली. राज्यातील 14,234 ग्रामपंचायतींच्या निवडणुका त्या वेळी जाहीर झाल्या होत्या. 15 जानेवारीला मतदान होते आणि 31 डिसेंबर हा उमेदवारी अर्जांच्या छाननीचा दिवस होता. तालुक्यातील काही गावांसाठी निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून माझी नेमणूक झाली होती.

आदल्या दिवशीपर्यंत गोंधळच होता. अर्ज ऑनलाइन भरून त्याची छापील प्रत सादर करायची असा नियम, पण संकेतस्थळ वारंवार बंद पडत असल्यामुळे शेवटच्या टप्प्यात राज्य निवडणूक आयोगाने कागदी अर्ज घेण्यास परवानगी दिली आणि संध्याकाळी साडेपाचपर्यंत रांग हलली नाही. त्यामुळे छाननीला बसलो तेव्हा माझ्यासमोर दोन प्रकारचे गठ्ठे होते: एक स्वच्छ छापील अर्जांचा आणि दुसरा घाईघाईने, वेगवेगळ्या शाईत, कधी मुलाच्या तर कधी शिक्षकाच्या अक्षरात भरलेल्या अर्जांचा. तोंडावर मास्क असल्यामुळे समोरचा उमेदवार तोच आहे की त्याचा सूचक, हे ओळखायलाही क्षणभर लागत होते.

उमेदवाराची पार्श्वभूमी कायदा कशी तपासतो, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 मध्ये अनर्हतेची, म्हणजे अपात्र ठरवणाऱ्या कारणांची, लांबलचक यादी आहे. दोनपेक्षा अधिक अपत्ये आहेत का, ग्रामपंचायतीची पट्टी मागणी होऊनही तीन महिन्यांत भरली नाही असे झाले आहे का, सरकारी जागेवर अतिक्रमण आहे का, घरात शौचालय आहे का आणि त्याचा नियमित वापर होतो का, मागच्या निवडणुकीचा खर्च वेळेत सादर केला होता का, राखीव जागा असेल तर जातवैधता प्रमाणपत्र किंवा निदान पडताळणीसाठी अर्ज केल्याची पोच जोडली आहे का, असे सगळे त्यात आणि त्याच्या जोडीच्या कलमांत येते. हे सर्व प्रश्न घराचे आहेत. पंचायतीच्या कामाविषयी एकही प्रश्न नाही, आणि लोकशाहीत तो असूही नये असे माझे मत आहे. मात्र ही यादी हातात धरून माणसे निवडताना तिच्या मर्यादा जेवढ्या जाणवतात, तेवढ्या त्या कायद्याच्या पुस्तकातून जाणवत नाहीत.

घरपट्टीचेच पाहा. वर्षानुवर्षे थकलेली घरपट्टी आणि पाणीपट्टी अर्ज भरण्याच्या आठवड्यात अचानक जमा होते. ग्रामसेवकाने कितीही नोटिसा पाठवल्या, लोकअदालतीत प्रकरणे नेली तरी जी वसुली होत नाही, ती थकबाकी नसल्याच्या एका दाखल्यासाठी होते. त्या दिवशी माझ्यासमोर आलेल्या पावत्यांपैकी बऱ्याच पावत्यांची शाई जेमतेम वाळलेली होती. पण कलमात मागणीचे बिल आणि तीन महिन्यांची मुदत असल्यामुळे केवळ थकबाकी होती एवढ्यावर अर्ज बाद होत नाही, हे मला हरकतदारांना पुन्हा पुन्हा समजावून सांगावे लागत होते.

पहिले प्रकरण ज्यावर मी थबकलो, ते एका पंचवीस वर्षांच्या तरुणाचे. 1 जानेवारी 1995 किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराने किमान सातवी उत्तीर्ण असले पाहिजे, अशी अट आहे. ती सदस्यपदालाही लागू आहे हा खुलासा आयोगाने अर्ज भरण्याचे दिवस सुरू असतानाच केला होता, त्यामुळे बऱ्याच पॅनेलप्रमुखांची धांदल उडाली होती. या मुलाचा जन्म 1995 चा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुख्याध्यापकांनी लिहिले होते: इयत्ता सातवीत शिकत होता, दीर्घकाळ गैरहजर. मी कारण विचारले, तेव्हा आई-वडील ऊसतोडीला जायचे आणि तोही कोयत्याबरोबर जायचा, असे त्याने सांगितले. दिवाळीनंतर गाव सुटायचे आणि परत येईपर्यंत वार्षिक परीक्षा होऊन गेलेली असायची. गावातल्या निम्म्या लोकांचे पीकविम्याचे आणि कर्जमाफीचे फॉर्म हाच मुलगा मोबाइलवर भरून देत असे, हे मला तपासणीसाठी त्या गावी जात असल्यामुळे माहीत होते. परंतु छाननीत अधिकाऱ्याला माहीत असलेल्या गोष्टींना स्थान नसते; कागदावर सातवी उत्तीर्ण दिसत नव्हते. मी कारण नमूद करून अर्ज अवैध ठरवला. त्याने आदेशाची प्रत घेतली आणि अपील कुठे करायचे असे विचारले. छाननीच्या निर्णयावर अपील नाही, निकाल जाहीर झाल्यापासून पंधरा दिवसांत दिवाणी न्यायालयात निवडणूक याचिका करता येते, असे मी सांगितले. तो म्हणाला, "साहेब, मी निवडणुकीतच नाही, तर निकालानंतर कोर्टात जाऊन काय करू?" या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे, पण ते त्याच्या उपयोगाचे नव्हते.

त्याच गावातून, त्याच प्रभागातून एका विद्यमान सदस्य आजींचा अर्ज होता आणि तो अंगठ्याचा होता. त्यांचा जन्म 1995 च्या कितीतरी आधीचा, त्यामुळे शिक्षणाची अट त्यांना लागू नव्हती. मुलाचे समर्थक साहजिकच चिडले. त्यांचा राग मला समजत होता, पण त्या आजींविषयी मला जे ठाऊक होते तेही सांगितले पाहिजे. मागच्या पाच वर्षांची त्या गावची प्रोसिडिंग बुके, म्हणजे सभांच्या कामकाजाच्या नोंदवह्या, मी वाचली होती. मासिक सभेचा ठराव संपूर्ण वाचून दाखवल्याशिवाय त्या अंगठा देत नसत, आणि एकदा हातपंप दुरुस्तीच्या ठरावात सभेत न ठरलेला खर्च घुसवलेला त्यांनी वाचून घेतानाच पकडला होता. त्या ठरावावर खाडाखोड होऊन बाजूला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या सह्या आहेत. मी ती पाने पाहिली आहेत. शिक्षणाची अट 2015 साली हरियाणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली, त्यामुळे तिच्या घटनात्मकतेविषयी वाद उरलेला नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, त्या प्रभागातल्या या दोन अर्जांपुरते पाहिले तर त्या अटीने ज्याला थांबवले तो काम करू शकणारा होता, आणि जिला ती लागू झाली नाही तीही काम करणारीच होती.

दुपारी बारानंतर मात्र ज्या प्रकरणामुळे तो दिवस माझ्या लक्षात राहिला, ते समोर आले. त्याच गावातून सर्वसाधारण स्त्री राखीव जागेसाठी एका तिशीतल्या बाईंचा अर्ज होता. व्यवसायाच्या रकान्यात "घरकाम व शेती" असे लिहिलेले. हरकतदार प्रतिस्पर्धी उमेदवाराचे दीर होते. त्यांनी सोबत वकील आणले होते आणि वकिलांनी प्लास्टिकच्या पिशवीतून तीन जन्मदाखले काढून टेबलावर ओळीने मांडले. उमेदवाराला तीन अपत्ये आहेत, तिन्ही 12 सप्टेंबर 2001 नंतरची, म्हणजे दोन अपत्यांची अट लागू झाल्यानंतरची आहेत, म्हणून अर्ज बाद करावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. घोषणापत्रात बाईंनी स्वतःच तीन मुलांची नावे लिहिली होती, काहीही लपवले नव्हते.

मी त्यांना विचारायला लागलो, तर शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या नवऱ्याने "साहेब, मी सांगतो" म्हणून सुरुवात केली. हे छाननीत नेहमीचे असते. महिलांसाठी निम्म्या जागा राखीव होऊन तेव्हा जवळपास दहा वर्षे झाली होती, तरी उत्तर देण्याचा हक्क आपलाच, असे मानणारे नवरे, दीर आणि मुलगे दर टेबलापाशी दिसत होते. मी म्हणालो, "दादा, उमेदवार त्या आहेत. ताई, तुम्ही सांगा." त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, वकिलांनी मांडलेल्या दाखल्यांपैकी दोन उचलले आणि माझ्यासमोर एकाखाली एक ठेवले. दोन्हींवर तारीख एकच होती, जन्मस्थळाच्या रकान्यात एकच ग्रामीण रुग्णालय होते, आणि नोंदणी क्रमांक लागोपाठचे होते. "थोरली मुलगी, आणि मग ही जुळी," एवढेच त्या म्हणाल्या.

कलम 14 च्या खाली एक स्पष्टीकरण आहे. दाम्पत्याला एकच अपत्य असेल आणि त्यानंतरच्या एकाच प्रसूतीत कितीही मुले जन्मली, तरी ती सगळी मिळून एकच धरली जातात. हरकतदाराच्या वकिलांना ते माहीत नव्हते असे मला वाटत नाही. पहिल्या सपाट्यात अधिकारी घाबरून अर्ज बाद करील, अशा हिशेबाने काही हरकती घेतल्या जातात. मी अधिनियमाचे पुस्तक उघडून ते स्पष्टीकरण मोठ्याने वाचले आणि हरकत फेटाळली.

वकिलांनी लगेच दुसरा कागद पुढे केला. बाईंच्या सासऱ्यांचे घर गायरानात आहे, म्हणून अतिक्रमणाच्या कारणावरून तरी अर्ज बाद करावा. कुटुंबातील व्यक्तीचे अतिक्रमण सदस्यालाही अडचणीत आणू शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निर्णय आहे आणि त्याची झेरॉक्स त्यांच्या फाइलमध्ये होती. यात मात्र मुद्दा पोकळ नव्हता. त्यामुळे मी पुरावा मागितला. त्यांच्याकडे मोबाइलवर काढलेला घराचा फोटो होता. भूमी अभिलेखची मोजणी नव्हती, पंचनामा नव्हता, ग्रामपंचायतीने दिलेली नोटीस नव्हती. उलट बाईंनी नमुना 8 चा उतारा दाखवला, त्यात ते घर सासऱ्यांच्या नावे कर आकारणीत नोंदलेले होते. आता कर आकारणीची नोंद म्हणजे मालकी नव्हे, हे मी दप्तर तपासणाऱ्याच्या अनुभवावरून जाणतो. पण छाननी ही संक्षिप्त चौकशी आहे, जागेची मोजणी करण्याचे ते ठिकाण नव्हे. आणि निवडून आल्यावर सदस्य अपात्र आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कलम 16 खाली जिल्हाधिकाऱ्यांना आहेच. दुसरी हरकतही मी कारणांसह फेटाळली. हे लिहायला पाऊण तास गेला, कारण असा आदेश पुढे जिथे जाईल तिथे प्रत्येक शब्द तपासला जातो.

मी आदेश लिहीत असताना बाई समोरच्या खुर्चीवर बसून होत्या. त्यांनी विचारले, "साहेब, निवडून आल्यावर आम्हाला नक्की काय करायचं असतं?" त्या सबंध दिवसात, एवढ्या उमेदवारांमधून हा प्रश्न विचारणाऱ्या त्या एकट्याच होत्या. नवरा जरा ओशाळला. मी आदेशावर सही करून मग बोललो. दर महिन्याला मासिक सभा होते आणि सलग सहा महिने गैरहजर राहिल्यास सदस्यपद धोक्यात येते, हे आधी सांगितले. ग्रामसभा वर्षातून किमान चार असतात, आणि गणपूर्तीसाठी मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर यांपैकी कमी असेल तेवढी माणसे लागतात, हेही सांगितले. वित्त आयोगाच्या निधीतली कामे आधी गावाच्या विकास आराखड्यात यावी लागतात. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी, दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, आणि तपासणीत सगळ्यात जास्त आक्षेप याच खर्चावर निघतात. शेवटी जे कोणी सांगत नाही ते सांगितले, की दर चार वर्षांनी घरपट्टीची फेरआकारणी होते आणि ज्यांच्या मतांवर तुम्ही येता त्यांच्यावरच कर वाढवण्याच्या ठरावाला हात वर करावा लागतो. हे ऐकून त्या हसल्या नाहीत. "ते आमच्याकडं कोणी वाढवतच नाही," एवढेच म्हणाल्या, आणि ते खरेच होते. त्या गावची आकारणी मुदत उलटून गेली तरी झालेली नव्हती, असा शेरा मीच दिलेला होता.

वैध उमेदवारांची यादी संध्याकाळी फलकावर लागली. त्या वर्षी सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत मतदानानंतर निघायची होती, त्यामुळे ज्यांचे अर्ज वैध ठरले त्यांपैकी कोणालाही आपल्या गावचे सरपंचपद कोणत्या प्रवर्गाला जाणार हे माहीत नव्हते. पॅनेलचा खर्च करणारे पुढारी यामुळे बेचैन होते, कारण सरपंच होण्याची खात्री नसताना पैसा कोण लावणार? मला मात्र ती पद्धत बरी वाटली. त्यामुळे काही गावांत निदान सदस्य म्हणून काम करण्याची इच्छा असलेली माणसे उभी राहिली, असे माझे निरीक्षण आहे. अर्थात सोडतीनंतर सदस्यांची जी पळवापळवी झाली, ती पाहिलेल्या माझ्या सहकाऱ्यांना हे पटत नाही. पुढे 2022 मध्ये सरपंचाची थेट निवडणूक परत आली आणि हा वाद त्या स्वरूपात उरला नाही.

जुळ्या मुलांच्या आई निवडून आल्या. सरपंचपद दुसऱ्याच प्रवर्गाला गेले, त्यामुळे त्या सदस्यच राहिल्या. मुदतीत निवडणूक याचिका कोणी केली नाही, पण अतिक्रमणाची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे गेली, मोजणीचा आदेश निघाला, आणि सासऱ्यांचे घर गायरानात नसून गावठाणाच्या हद्दीतच असल्याचे मोजणीत आढळले. तो अहवाल येईपर्यंत वर्ष उलटून गेले होते. दरम्यान वार्षिक तपासणीसाठी मी त्या गावी गेलो, तेव्हा प्रोसिडिंग बुकात फेरआकारणीचा ठराव होता. विरोधात तीन मते पडली होती. सूचक म्हणून बाईंचे नाव होते आणि अनुमोदक म्हणून, बाईंच्या पॅनेलच्या विरोधात निवडून आलेल्या, अंगठा देणाऱ्या आजींचे.