तुम्ही विचारलंत म्हणून : तिकडं जाऊन परत शिकायचं कशाला?

लग्नात भेटोत, टिळकवाडीत भाजी घेताना भेटोत, फिजिओथेरपी शिकणाऱ्या पोरांच्या आईवडिलांचा प्रश्न ठरलेला: "मॅडम, साडेचार वर्षं शिकली की पोरगी. अमेरिकेत परत शिकायचं कशाला? आपली डिग्री कमी आहे काय?" मी तिकडं काम करून बेळगावला परत आले, म्हणून मला विचारतात.

डिग्री कमी नाही, आणि आपल्या पोरांच्या हाताला तर तोड नाही. कागदपत्रांचं आधी उरकते. एफसीसीपीटीसारखी संस्था तुमचे विषय नि तास तिकडच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघते. कमी पडलेलं शिकून भरून द्यायचं. मग एनपीटीई, म्हणजे तिकडच्या लायसन्सची परीक्षा, 800 पैकी 600 किंवा जास्त मिळाले तर पास. पुढंही सुटका नाहीच. लायसन्स चालू ठेवायला कॅलिफोर्नियात दर 2 वर्षांनी 30 तासांचं शिक्षण दाखवावं लागतं, न्यूयॉर्कात 3 वर्षांनी 36 तासांचं.

पण हे का, ते सांगते. आपल्याकडं पेशंट बहुधा हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येतो. 'आयएफटी (दुखऱ्या जागी हलका करंट द्यायचं मशीन), शेक, दहा दिवस.' निदान दुसऱ्यानं केलेलं, आपण मशीन लावायचं. तिकडं आता सगळ्याच राज्यांत, कुठं जास्त कुठं कमी मुभेनं, पेशंट थेट फिजिओकडं येऊ शकतो. तुमच्याआधी त्याला कुणी हातही लावलेला नसतो. हे दुखणं आपल्या हातचं नव्हे, डॉक्टरकडं पाठवायचं आहे, हे ओळखायची जबाबदारी तुमची.

निपाणीकडची विड्या वळणारी मावशी कंबर धरून येते. दिवसभर मांडी घालून, वाकून काम. कंबर दुखणारच, असं वाटतं. तरी मी विचारते: रात्री दुखून जाग येते का? वजन उतरलंय का? लघवी तुंबते का? मांड्यांच्या मधे बधिर वाटतं का, असं विचारलं की ती पदर सारखा करत "नाही वो" म्हणते, असलं तरी. म्हणून मी विचारते, "परसाकडला जाऊन धुताना पाणी लागलेलं कळतं का?" यावर खरं उत्तर येतं. कळत नसेल तर मशीन राहू दे, त्याच दिवशी एमआरआय आणि सर्जन. मणक्याच्या तळाशी नसांचा जुडगा दाबला जात असेल तर उशीर महागात पडतो, लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

हे विचारायची शिस्त मला त्या जादा अभ्यासानं लावली. मशीनं इथंही तीच आहेत.

आणि हो, 'ट्रान्झिशनल डीपीटी', म्हणजे आपल्या डिग्रीला तिकडच्या फिजिओ-डॉक्टरेटची जोड देणारा कोर्स, केला की परीक्षा माफ, असं कुणी एजंट सांगत असेल तर पैसे देऊ नका. परीक्षा चुकत नाही. त्यापेक्षा पोरीला सांगा, कॉलेज सोडण्याआधी विषयवार तासांचा सविस्तर अभ्यासक्रम शिक्क्यासकट घेऊन ठेव. नंतर त्याच कागदासाठी ऑफिसात खेटे घालावे लागतात.