प्लीझली पिट: या मोसमात फोटो कमी, अंडी जास्त

या मे-जूनमध्ये कॅमेरा बराचसा पिशवीतच राहिला. डिंगी स्किपर हे छोटं फुलपाखरू उडताना दिसणं वेगळं आणि ते तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणं वेगळं. पहिल्या प्रकारच्या नोंदी माझ्या वहीत भरपूर होत्या, म्हणून यंदा अंड्यांच्या मागे लागले.

नवीन मंडळींसाठी जागेची ओळख थोडक्यात करून देते. प्लीझली ही इंग्लंडच्या डर्बीशायरमधली जुनी कोळसा खाण. इथली जमीन फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या वडिलांची; १८७२ साली त्यांनी स्टँटन आयर्न कंपनीला कोळसा काढायला जमीन पट्ट्याने (भाडेकराराने) दिली, १८७३ मध्ये खोदाई सुरू झाली आणि १९८३ मध्ये खाण बंद पडली. दोन्ही हेडगिअर, म्हणजे खाणीच्या तोंडावरचे मनोरे, अजून उभे आहेत, पाळणे वर-खाली ओढणारी वाफेवरची वाइंडिंग इंजिनंही जपून ठेवली आहेत. त्यांच्या मागे जिथे टाकाऊ दगडाचे ढीग होते, तिथे आता कंट्री पार्क आहे. मी चंद्रपूरची, त्यामुळे 'ढिगारा' म्हटलं की मला ओबीचे (ओव्हरबर्डनचे) डोंगर आठवतात. तो उघड्या खाणीच्या वरचा थर. इथला माल मात्र कोळशाबरोबर खोलातून वर आलेला काळा-करडा शेल, म्हणजे थराथरांचा ठिसूळ दगड. आपल्याकडे ओबीवर वेडी बाभूळ पसरते, इथे बर्च आणि हॉथॉर्न ही झाडं तेच काम करतात.

या शेलमध्ये खत म्हणावं असं जवळजवळ काही नाही, आणि स्किपरचं सगळं त्यावरच चालतं. जमीन कसदार असती तर उंच गवताने बर्ड्स-फूट ट्रेफॉइलला केव्हाच दाबून टाकलं असतं. पिवळ्या फुलांची, जमिनीलगत पसरणारी ही शेंगावर्गी वनस्पती म्हणजे अळीचं मुख्य खाद्य. शिवाय काळा दगड लवकर तापतो. ढगातून ऊन डोकावलं की ही करडी-तपकिरी स्किपर पंख सपाट पसरून उघड्या शेलवर बसतात, आणि बसली की दिसेनाशी होतात. त्याच दिवसांत, त्याच उंचीवरून बर्नेट कम्पॅनियन आणि मदर शिप्टन हे दिवसा उडणारे पतंगही फिरतात. पहिल्याचे मागचे पंख नारिंगी झाक मारतात, दुसऱ्याच्या पुढच्या पंखावर नाकाड्या म्हातारीचा चेहरा असतो. थांबून बघितलं तर घोळ होत नाही.

आता अंडी. दाट गादीसारख्या वाढलेल्या ट्रेफॉइलमध्ये शोधत बसू नका. मादी गादी सोडून उघड्या दगडावर आलेली लांब कोवळी फांदी निवडते. तिच्या टोकाकडची पानं एकेक करून बघायची, देठ आणि पान जुळतात तिथे भिंग न्यायचं. अंडं एकेकटं घातलेलं असतं, खसखशीहून लहान, अंगावर उभ्या कडा. ताजं असेल तर फिकट, पानात मिसळून जाणारं. थोड्या दिवसांनी नारिंगी होतं आणि मग गुडघ्यावर बसून नुसत्या डोळ्यांनीही सापडतं. ढगाळ दिवशी फुलपाखरं दडून बसली तरी हा शोध चालू ठेवता येतो, हा मोठा फायदा. ट्रान्सेक्टचं, म्हणजे ठरलेल्या वाटेने चालत फुलपाखरं मोजण्याचं, तसं नाही: १३ अंशांखाली चालायचंच नाही, १३ ते १७ मध्ये बऱ्यापैकी ऊन हवं. इंग्लंडचा मे बघता या नियमामुळे आठवडेच्या आठवडे कोरे जाऊ शकतात.

मला अंडी मिळाली ती वाटेच्या कडेला, उतारावरच्या खरवडलेल्या पट्ट्यांत. जिथे बर्च कमरेएवढा झाला आहे तिथे ट्रेफॉइल आहे, फुलंही आहेत, पण अंडं एकही नाही. अशा जागेवर सुपीक माती टाकून झाडं लावावीत असं सुचवणारे अनेकजण भेटतात. हेतू चांगला असतो, पण या फुलपाखरासाठी ते वाईटच. माझं मत विचाराल तर इथे रोपांपेक्षा कुदळ जास्त उपयोगाची.

बाकी नोंदी भराभर: कॉमन ब्लू फुलपाखरं आली, त्यांच्या अळ्याही ट्रेफॉइलवरच वाढतात. स्कायलार्क पक्षी गवताळ माथ्यावर गातोय. जमिनीवर घरटं, त्यामुळे कुत्री मोकळी सोडणाऱ्यांवर माझा राग कायम. पाण्याकडच्या खडीत लिटल रिंग्ड प्लोव्हर दिसला, आपली कंठेरी चिखल्या. ब्रिटनमध्ये त्याची वीण पहिल्यांदा १९३८ मध्ये नोंदली गेली, पुढे खडीच्या खाणींच्या आधाराने तो पसरला. मधमाशीसारखं फूल असणाऱ्या बी ऑर्किडचे दांडे वर आलेत. इथे त्याला माशी लागत नाही, परागपिशव्या स्वतःच वाकून काम उरकतात.

पुढचं काम अळ्यांचं. त्या ट्रेफॉइलची पानं रेशमाने शिवून घर करतात, पोट भरलं की आणखी पक्कं घर विणून त्यातच हिवाळा काढतात आणि वसंतात काही न खाता तिथेच कोषात जातात. म्हणून अंडी सापडलेल्या फांद्यांजवळ मी रंगीत खिळे रोवलेत. जुलै-ऑगस्टमध्ये तीच झुडपं पुन्हा बघणार. कुणी अशी शिवलेली पानं शोधली असतील तर किती उंचीवर मिळाली ते जरूर कळवा.