तीन सेंटिमीटरची तोफ

गेले सात महिने आमच्या जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग एका जहाजाने अडवलाय. लांबी 57 सेंटिमीटर, रुंदी साडेनऊच्या जरा आत. बाल्सा लाकूड, थोडा पत्रा, बोहरी आळीतून आणलेली तांब्याची तार. आम्ही दोघं उरलेल्या अर्ध्यात जेवतो. पाहुणे आले की ताटं हॉलमध्ये.

जहाजाचं नाव एचएमआयएस बेंगाल. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीकडे असलेली माइनस्वीपर, म्हणजे समुद्रात पेरलेले सुरुंग काढणारी बोट. मी तिचं मॉडेल 1:100 ला घेतलंय, म्हणजे खऱ्या बोटीच्या शंभराव्या भागाएवढं.

चिंचवडच्या एका कारखान्यात 31 वर्षं ड्रॉइंग बोर्डावर काढली. तिथे एक गोष्ट अंगात मुरते: ड्रॉइंगमध्ये आहे ते करायचं, आपल्या मनातलं नाही. आणि ड्रॉइंगवर विश्वास ठेवूनच मी या खेपेला फसलो.

बाथर्स्ट जातीच्या 60 बोटी त्या युद्धात ऑस्ट्रेलियात बांधल्या गेल्या. त्यातल्या चार आपल्याकडच्या नेव्हीच्या: बॉम्बे, बेंगाल, मद्रास, पंजाब. आराखडा सगळ्यांचा एकच, आणि त्यात पुढच्या डेकवर 4 इंची तोफ. मी ती तोफ केली. 41 मिलिमीटरची नळी, मागे पत्र्याची ढाल, वर राखाडी रंगाचे दोन हात. चिकटवून झाल्यावर, वाचता वाचता कळलं की बेंगालवर ती तोफ नव्हतीच. तिच्या वाट्याला 12 पौंडी, म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा टाकणारी तोफ आली होती. नळीचं तोंड तीन इंचांचं, लांबी साधारण दहा फूट. म्हणजे माझ्या स्केलला तीन सेंटिमीटर. उपटली आधीची. नवी नळी बॉलपेनच्या रिफिलची आहे, आतली शाई काढून. ही म्हणाली, "अहो, मोठी छान दिसत होती. कोण मोजायला येणारे?" कोणी नाही येणार. पण या बोटीची सगळी कथा त्या तोफेच्या लहानपणातच आहे, तिथेच मी खोटं कसं बोलू?

सिडनीच्या कॉकाटू गोदीत बांधलेली ही बोट ऑगस्ट 1942 मध्ये नेव्हीत दाखल झाली. वजन साडेसहाशे टनांच्या आसपास. नोव्हेंबरात ती ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं फ्रीमँटल बंदर सोडून हिंदी महासागरात शिरली तेव्हा तिने भारताचा किनारा पाहिलेलाही नव्हता. सोबत ओंडिना नावाची डच टँकर होती, तिला संरक्षण द्यायचं होतं. ओंडिनावर 4 इंची तोफ होती. म्हणजे रक्षण करणारीपेक्षा जिचं रक्षण करायचं तिची तोफ मोठी!

11 नोव्हेंबर 1942, दुपारी बाराच्या सुमारास, कोकोस बेटांच्या नैऋत्येला समोर दोन जपानी जहाजं आली. होकोकू मारू आणि ऐकोकू मारू. मूळची प्रवासी-मालवाहू, पण मोठ्या तोफा आणि टॉर्पेडो बसवून व्यापारी जहाजांच्या शिकारीला सोडलेली. प्रत्येकी दहा हजार टनांहून मोठी. माझ्या स्केलला त्यांतलं एक केलं असतं तर दीड मीटरच्या वर गेलं असतं. टेबलच काय, सोफ्यावरही मावलं नसतं.

बेंगालचे कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्सन यांनी ओंडिनाला निसटायला सांगितलं आणि स्वतः बोट सरळ पुढच्या जपानी जहाजावर घातली. लांबून 12 पौंडी तोफेचा उपयोग नव्हता, जवळ जाणं हाच उपाय. ओंडिनाचे कप्तान विलेम हॉर्समन यांनी मात्र पळ काढला नाही, तेही तोफ चालवत राहिले. थोड्या वेळाने होकोकू मारूवर गोळा बसला, आग लागली, ती दारूगोळ्यापर्यंत पोचली आणि जहाज फुटून बुडालं. दहा हजार टनांचं धूड!

आता गोळा कोणाचा? दोन्ही बोटींनी तो आपला म्हणून सांगितला. बेंगालचा असावा असं मलाही फार वाटतं, सात महिने तिच्यासोबत जेवलोय. पण तीन इंच आणि चार इंच शेजारी ठेवून पाहिले की मत ओंडिनाच्या पारड्यात जातं. हे लिहिताना हात जड झाला, तरी लिहितो.

पुढचं मात्र कोणाच्या वादातलं नाही. ओंडिनाचे गोळे संपले. हॉर्समन मारले गेले. खलाशी होड्यांत उतरले, तर ऐकोकू मारूने होड्यांवर मशीनगन चालवली. टँकरला टॉर्पेडोही मारले. बेंगालकडे दारूगोळा संपत आला होता. तीही मार खाऊन धुराच्या पडद्याआडून बाहेर पडली आणि हिंदी महासागरातल्याच दिएगो गार्सिया बेटाला पोचली. तिच्यावरचा एकही माणूस दगावला नाही. ओंडिना बुडाली, असं तिने तिथे कळवलं. आणि ती 'बुडालेली' टँकर? जपानी निघून गेल्यावर वाचलेले खलाशी परत चढले, आग विझवली, इंजिन चालू केलं आणि आठवड्याभरात फ्रीमँटलला हजर! तेल भरायला निघालेली टँकर, टाक्या रिकाम्या, म्हणून तरंगत राहिली.

या बोटीवर इतरत्र जे काही लिहिलेलं सापडतं ते एवढ्यावरच संपतं. एक दुपार. माझी खरी मेहनत मात्र मागच्या डेकवर गेली, कारण बोट ज्या कामासाठी बांधली ते काम तिथे चालायचं.

मुलगी मेलबर्नला असते. तिथे विल्यम्सटाउनला याच जातीची कॅसलमेन नावाची बोट संग्रहालय म्हणून ठेवलीय. एका रविवारी तिला पाठवलं, "फक्त मागचा भाग घे, आणि फोटोत पट्टी धर." तिने 64 फोटो पाठवले. तिसऱ्या मजल्यावरचे काका नेव्हीत इंजिनं बघायचे, लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नेव्हीच्या प्रशिक्षण केंद्रावरही होते. त्यांना ते दाखवले. काका म्हणाले, "अरे, हे मच्छीमारांचं तंत्र आहे." खरंच आहे. मागून लांब पोलादी तार सोडायची. एक फळी ती तार बाजूला ओढते, एक खाली दाबून धरते, आणि टोकाला तरंगता फ्लोट, म्हणजे तार कुठवर गेलीय ते कळतं. रत्नागिरीला मिरकरवाड्यात ट्रॉलरच्या मागे जाळं फाकवणाऱ्या फळ्या पाहिल्या असतील, त्याच जातीच्या. सुरुंग तळाला साखळीने बांधलेला असतो. तार त्या साखळीला घासते, कातर लागते, सुरुंग सुटून वर येतो. मग डेकवरून रायफलने त्याला फोडायचा नाहीतर बुडवायचा. आणि हे सगळं सुरुंगांच्या भागातून स्वतः आधी जाऊन.

यात युद्ध संपलं की काम संपत नाही, उलट वाढतं. याच जातीची ऑस्ट्रेलियन वॉर्नमबूल 13 सप्टेंबर 1947 ला ग्रेट बॅरियर रीफपाशी सुरुंग काढताना सुरुंगावरच गेली. चार माणसं गेली. शांतता होऊन दोन वर्षं झाली होती.

बेंगालचं पुढे असं काही झालं नाही. स्वातंत्र्यानंतर आयएनएस बेंगाल झाली, 1960 मध्ये भंगारात निघाली. तोफेचं, फ्लोटचं, सगळ्याचं लोखंड एकाच भावाने गेलं असणार.

आता माझी अडचण. गौरी-गणपतीला टेबल मोकळं हवं, असा निर्वाणीचा इशारा मिळालाय. फळ्यांतली एक झालीय, दुसरी पावसाळ्यात दमट हवेने फुगली, नव्याने कापावी लागेल. तोवर बेंगाल फ्रिजवर राहील. सेवंतीचे हार आणि मोदकाचं पात्र यांच्या मधून तिची मागची तार खाली लोंबकळतेय. फ्रिजचं दार जपून उघडा, असं घरात सांगून ठेवलंय.