पिकअप, कॅनोपी आणि मधले काही मिलिमीटर

पिकअपच्या हौद्यावर कॅनोपी, म्हणजे हौदा झाकणारं टपासारखं आच्छादन, उचलून ठेवायला चार माणसं आणि पाच मिनिटं पुरतात. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, झालं काम. मग पहिला क्लॅम्प हातात घेऊन हौद्याच्या कडेखाली सरकवायला जावं, तर तो तिथे मावतच नाही. उरलेला दिवस कुठे जाणार, ते तेवढ्यात ठरून जातं.

गंमत अशी की यात चूक कोणाचीच नसते. गाडी तिच्या मापाची, कॅनोपी तिच्या मापाची, क्लॅम्पही त्याच्या मापाचा. पण क्लॅम्पच्या जबड्यात या सगळ्यांची बेरीज जाते: कॅनोपीची खालची आडवी पट्टी, तिच्याखालचा फोम, कडेवरचं प्लास्टिकचं आवरण, हौद्याचा दुमडलेला पत्रा आणि लायनर (हौद्याच्या आतलं अस्तर) असलाच तर त्याचीही कड. दोन-चार मिलिमीटर प्रत्येकजण मागतो. म्हणून मोठा क्लॅम्प शोधायला धावण्याआधी व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) घेऊन ही बेरीज करावी. क्लॅम्प बरोबर असतो आणि मधे भलतंच काहीतरी येऊन बसलेलं असतं, असं बऱ्याचदा निघतं.

हे भलतं म्हणजे बहुधा लायनर. कडेवरून खाली उतरणारा प्लास्टिकचा लायनर तर कॅनोपीखाली ठेवूच नये. तो गुळगुळीत असतो, त्यावर कॅनोपी हळूहळू सरकते. शिवाय सततच्या दाबाखाली ते प्लास्टिक हळूहळू दबत राहतं, त्यामुळे आज घट्ट केलेला क्लॅम्प काही आठवड्यांनी सैल सापडतो. दोष मात्र बिचाऱ्या नटाला लागतो. कडेच्या खाली संपणारा लायनर बरा, पण त्याची वरची धार नेमकी क्लॅम्पचा पाय टेकतो तिथे आलेली असते. तिथे प्रत्येक क्लॅम्पच्या जागी 7-8 सेंटिमीटर रुंदीची खाच कापली की प्रश्न मिटतो. खाचेचे कोपरे गोल ठेवावेत, काटकोनी कोपऱ्यातून प्लास्टिक पुढे चिरत जातं.

काही हौद्यांना आतल्या बाजूने सामान बांधायची पन्हाळीसारखी पट्टी असते. तिथे इंग्रजी सी आकाराचा क्लॅम्प बसवायचा हट्ट सोडावा. त्या पट्टीत सरकणारा नट आणि वाकडा हूक हाच तिथला इलाज. आणि कडेचा पत्रा खालून बंदच असेल, पकडायला ओठच नसेल, तर भोक पाडून रिवनट, म्हणजे पत्र्यात रिव्हेटसारखा आवळून बसणारा आट्यांचा नट, बसवावा लागतो. एम 8 च्या रिवनटला साधारण 11 मिलिमीटरचं भोक लागतं. हात हलून ते साडेअकरा झालं की नट जागच्या जागी फिरतो आणि बोल्ट धड आतही जात नाही, धड बाहेरही येत नाही. म्हणून आधी बारीक भोक, मग मोठं. त्याहीआधी पत्र्यामागे काय आहे ते पाहावं. मागच्या दिव्यांच्या वायरी आणि एका बाजूला इंधन भरायची नळी तिथूनच गेलेली असते. ड्रिलच्या टोकापासून जेवढं आत जायचं तेवढं अंतर सोडून चिकटपट्टी गुंडाळली की हात वेळेवर थांबतो. उघड्या पडलेल्या पत्र्याला लगेच प्रायमर लावायचा, ‘नंतर लावू’ म्हटलं की गंज आधी येतो.

आता बोल्ट. इथे एक खास फसवणूक आहे. एम 8 च्या बोल्टचं डोकं 13 मिलिमीटरचं. पाच-सोळांश इंची बोल्टचं डोकं अर्ध्या इंचाचं, म्हणजे 12.7. तेराचा पाना दोघांनाही लागतो, जाडीही डोळ्याला सारखीच; एकाची 8, दुसऱ्याची 7.94. पण एम 8 च्या आट्यांमधलं अंतर 1.25 मिलिमीटर आणि जाड आट्यांच्या इंची बोल्टचं 1.41. म्हणजे दोन-तीन आटे गोडीगुलाबीने जातात आणि मग बोल्ट अडतो. अशा वेळी माणूस पान्याला जोर देतो, आणि आटे जातात ते तिथे. कॅनोपीचं सामान एका मापाचं आणि गाडी दुसऱ्या मापाची असं सर्रास असतं, तेव्हा साधा नियम पाळावा: शेवटपर्यंत बोटांनी फिरत नाही तो बोल्ट तिथला नाही.

स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा) असेल तर इम्पॅक्ट मशीन, म्हणजे झटके देत नट आवळणारं यंत्र, बाजूलाच ठेवावं. वेगाने फिरवलं की घर्षणाने आटे एकमेकांना चिकटतात, आणि मग करवतीशिवाय सुटका नाही. थोडं अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारी पेस्ट) लावून हाताने, सावकाश फिरवावं. ॲल्युमिनियमचा क्लॅम्प आणि स्टेनलेसचा बोल्ट या जोडीलाही ते हवंच. दोघांमध्ये पाणी साठलं की ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी व्हायला लागते.

फायबरग्लासला भोक पाडताना जेलकोटला, म्हणजे त्याच्या वरच्या चकचकीत थराला, तडे जातात, त्याची भीती सगळ्यांनाच असते. आधी चिकटपट्टी लावावी आणि ड्रिल सुरुवातीला उलटं फिरवून वरचा थर खरवडून घ्यावा, मग सुलट. बोल्टपेक्षा भोक अर्धा-एक मिलिमीटर मोठं आणि त्याची कड किंचित उतरती. बोल्ट भोकाला घासत बसला तर रस्त्याच्या हादऱ्यांनी तिथूनच चीर निघते. वॉशर रुंद घ्यावा; स्प्रिंग वॉशर थेट फायबरवर ठेवला तर तो आत रुततो.

फोमची पट्टी हे सगळ्यात स्वस्त सामान, आणि सगळ्यात जास्त छळणारंही तेच. पट्टी बंद पेशींच्या फोमची हवी. स्पंजासारखी असली तर ती पाणी पिऊन बसते. कड स्पिरिटने पुसून कोरडी करावी आणि पट्टी चिकटवताना अजिबात ताणू नये. ताणलेली पट्टी दोन दिवसांत आपल्या मूळ लांबीला परत येते आणि सांध्यात फट उघडते. सांधा कोपऱ्यात घेऊ नये, कोपऱ्यावरून पट्टी अखंड वळवावी.

कॅनोपी केबिनला टेकवूही नये आणि केबिनला बांधूही नये. केबिन आणि हौदा चासीवर वेगवेगळे बसवलेले असतात, खड्ड्यातून जाताना ते वेगवेगळे पिळतात. मधली बोट-दीड बोटाची फट म्हणजे ढिलाई नव्हे, ती मुद्दाम ठेवलेली जागा आहे.

बसवण्याचा क्रम माझ्या मते मागून पुढे. समोरून सरळ दिसणारी पण मागचं दार न लागणारी कॅनोपी काय कामाची? आधी हौद्याचे दोन्ही कर्ण मोजावेत, मग कॅनोपीच्या खालच्या चौकटीचे. चार-पाच मिलिमीटरचा फरक फोम पोटात घालतो. त्याहून जास्त असेल तर काहीतरी गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. बऱ्याचदा जमिनीवर वाकडीतिकडी टेकवून ठेवलेल्या कॅनोपीच्या बाजू बाहेर फाकलेल्या असतात आणि क्लॅम्प लावण्याआधी त्या पट्ट्याने आत ओढून घ्याव्या लागतात. मग सगळे क्लॅम्प बोटांनी लावायचे, कॅनोपीचं मागचं दार फाळक्यावर (हौद्याच्या खाली उघडणाऱ्या मागच्या झडपेवर) बंद करून दोन्ही बाजूंची फट बघायची, आणि तिरक्या जोड्यांनी थोडं थोडं आवळत जायचं. फट एका बाजूला निमुळती होत असेल तर कुलपाशी झटापट करू नका. मागचा एखादा कोपरा खाली बसलाय. तिथे ॲल्युमिनियमची पातळ पट्टी पॅकिंग म्हणून घालावी. प्लायवूड पाण्याने फुगतं आणि मग दबतं.

कडेची खालची बाजू उतरती असेल तर आवळताना क्लॅम्प जागेवरून सरकायला लागतो. त्याचा पाय फिरता असावा किंवा खाली रबराचा तुकडा असावा. फोम निम्म्यावर दबला आणि क्लॅम्प हाताने हलेना, एवढं पुरे. त्यापुढे फायबरची पट्टी तडकते, नाहीतर हौद्याची कड वाकते.

कॅनोपीवरच्या ब्रेक दिव्याला स्वतंत्र अर्थिंगची वायर द्यावी लागते. फायबरमधून वीज जात नाही आणि ॲल्युमिनियमची कॅनोपी असली तरी ती फोमवर बसलेली असते, गाडीच्या पत्र्याला टेकलेली नसते. दिवा मंद लागतो किंवा लागतच नाही याचं कारण दहात नऊ वेळा हेच.

शे-दीडशे किलोमीटरनंतर फोम बसतो, तेव्हा सगळे क्लॅम्प पुन्हा एकदा तपासायचे. तेव्हाच नट आणि क्लॅम्पवरून रंगाची एक रेघ ओढून ठेवावी. नंतर नुसती नजर टाकली तरी कोणता नट फिरला ते कळतं. धूळ तरीही आत येत असेल तर कॅनोपी सोडून फाळक्याची खालची फट बघा. हवेचं सील नसतं ते तिथेच, कारण ती फट मुळात कॅनोपीवाल्याच्या मापात धरलेलीच नसते.