१९८२ची बोर्दो आणि दोन-तीन तासांचा सल्ला

रेड वाइन पिण्याआधी दोन-तीन तास डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद तळाच्या काचेच्या सुरईत, ओतून ठेवावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. तरुण, तुरट बोर्दोला, म्हणजे फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या वाइनला, तो ठीक आहे. पण चाळिशी उलटलेल्या वाइनला एवढी हवा सोसत नाही. इतकी वर्षं बाटलीत जपलेला गंध कोणी पेला तोंडाला लावायच्या आतच उडून जातो.

सासऱ्यांच्या तळघरातली ग्रुओ-लारोझ या बोर्दोच्या नामांकित वाइनरीची बाटली आम्ही परवा उघडली. बोर्दोतल्या मेदोक भागातल्या सँ-ज्युलियँ गावची, साल १९८२. त्या वर्षी बोर्दोत पीक भरपूर आलं आणि द्राक्षं पुरेपूर पिकली, म्हणून त्या सालाचं एवढं नाव. बाटलीतली पातळी अजून मानेच्या तळाशी होती. या वयाला हे उत्तम लक्षण. पातळी खांद्याच्या खाली गेलेली असती तर मी एवढी आशा धरली नसती.

दोन दिवस आधीच बाटली उभी करून ठेवली होती. तुरटपणा देणारं टॅनिन आणि रंगद्रव्यं वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटत जातात, जड होतात आणि साका होऊन बसतात. बाटली उभी असली की तो तळाशी जातो. जुनं बूच ठिसूळ असतं, स्क्रू घातला तर भुगा व्हायची भीती. म्हणून दोन पात्यांचा चिमटा वापरला: आधी लांब पातं बूच आणि काचेच्या फटीत सरकवायचं, मग आखूड, मग डोलवत डोलवत दोन्ही खाली न्यायची आणि पिळत वर ओढायचं. मग मेणबत्ती लावली आणि साका दिसावा म्हणून बाटलीची मान ज्योतीवर धरून डिकँटरमध्ये एका धारेत ओतायला घेतलं.

नाशिकहून आलेला धाकटा भाऊ द्राक्षबागायतदार. तो म्हणाला, "ताई, सरळ गाळणी लाव ना!"

"अरे, बारीक साका गाळणीतून खाली येतोच. आणि तो कडू लागतो."

काळी रेघ मानेकडे सरकताना दिसली, तिथे हात थांबवला आणि लगेच पेले भरले. मध्ये गडद माणकासारखा रंग, कडेला वीटकरी. आधी तळघराचा कोंदट वास आला, तो पाच मिनिटांत गेला. मग तंबाखू, देवदाराचं लाकूड, ओला पालापाचोळा. भावाने विचारलं, "यात द्राक्ष कुठंय?" फार नेमका प्रश्न! फळ मागे सरून हे सगळं पुढे येतं, याचसाठी तर ती इतकी वर्षं ठेवायची.

सोबत फक्त मीठ-लसूण लावून भाजलेली मेंढीची तंगडी होती. तांबड्या रश्श्यापुढे हा गंध टिकणार नाही. तापमान सोळा-सतरा अंश, पेल्यात थोडी थोडीच ओतायची. तासाभरात ती ऐन बहरात होती, नंतर आंबटपणा वर येऊ लागला. तळाशी उरलेली सासऱ्यांनी फडक्यातून गाळून सॉससाठी बाजूला ठेवली.