वेर्ण्याच्या पठारावर, भर जुलैत

पत्रादेवीला गोव्यात शिरलो तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता. म्हापसा, पणजी मागे टाकून झुआरी ओलांडली आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पोचलो. पेडण्याचा एक जुना मित्र तिथे छोटं डेटा सेंटर, म्हणजे सर्व्हर नावाचे सतत चालणारे संगणक ठेवायची जागा, उभारतोय. मला ते पाहायचंच होतं.

"आधी चहा घे, भिजलायस," तो म्हणाला. मग कपडे सुकेपर्यंत गोव्याच्या हवेवर बोलत बसलो, कारण सर्व्हर तापतात आणि ते गार ठेवावे लागतात. कोरड्या प्रदेशात पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा स्वस्तात गार होते. इथे पावसाळ्यात हवाच पाण्याने भरलेली, त्यात आणखी बाष्प मावणार कुठे? फिनलंडमधल्या हामिनाला गूगल समुद्राच्या थंड पाण्यावर सर्व्हर गार ठेवतं. आपला अरबी समुद्र कोमट. वर खारा वारा धातू गंजवतो. म्हणजे बाहेरची हवा आत घेण्याची सोय नाही. जी गार केली ती वाया घालवायची नाही, एवढंच हातात उरतं.

आत रॅकच्या, म्हणजे सर्व्हर बसवायच्या कपाटांच्या, दोन रांगा समोरासमोर, मधली वाट दारं आणि छत लावून बंद केलेली. थंड हवा त्या वाटेत येते, गरम हवा मागून बाहेर पडते. मित्राने रॅकमधल्या सर्व्हर नसलेल्या एका रिकाम्या खाचेसमोर टिश्यूचा तुकडा धरला. तो मागच्या बाजूला ओढला गेला. थंड हवा सर्व्हरला न भेटताच निसटत होती! त्याने खाचेवर प्लॅस्टिकची साधी पट्टी दाबून बसवली आणि कागद सरळ लोंबला. मी तीनदा तरी ते करून पाहिलं.

तापमान २५ अंशांवर होतं. सर्व्हरसाठी १८ ते २७ अंश चालतात असं अ‍ॅशरे ही वातानुकूलन अभियंत्यांची संस्था सांगते, तरी अनेक ठिकाणी सवयीने १८ वर ठेवून वीज जाळतात. मला हे फार खटकतं. विजेच्या वापराचं मोजमाप पीयूई या आकड्याने होतं: एकूण विजेला संगणकांच्या विजेने भागायचं. १.५ आलं, तर संगणकांच्या प्रत्येक १०० युनिटमागे ५० युनिट इतर कामांवर जातात.

"मग छतावर सोलर?" मी विचारलं. त्याने कागदावरच हिशेब मांडला. ५ किलोवॉटचा एक रॅक दिवसाला १२० युनिट खातो. १ किलोवॉटचं पॅनेल दिवसाला सरासरी ४ युनिट देतं. म्हणजे ३० किलोवॉटची पॅनेलं, सुमारे ३००० चौरस फूट छत, तेही एकाच रॅकसाठी. पावसाळ्यात उत्पादन आणखी कमी. त्यामुळे पॅनेलं तो बसवणार आहे, पण आधी उरलेल्या खाचांच्या पट्ट्या मागवल्यात.