शेनान्डोआच्या थंडीत हॅमक आणि सीपॅप

स्लीप ॲप्नियाचं, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याच्या आजाराचं, निदान झालं की रात्री सीपॅप लावावं लागतं, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. मग बरेच जण रानातला मुक्काम सोडूनच देतात. माझी ती तयारी नव्हती. मी अमेरिकेतल्या व्हर्जिनियात राहतो, शेनान्डोआ नॅशनल पार्क हाकेच्या अंतरावर. नोव्हेंबर लागताच बॅककंट्री परमिट, म्हणजे रानात मुक्कामाचा परवाना काढला, पार्कमधल्या स्कायलाइन ड्राइव्ह या रस्त्यावर गाडी लावली आणि ओकच्या रानात उतरलो. पानं बहुतेक गळून गेलेली, पावलागणिक कुरकुर वाजत होती.

हॅमकमध्ये, म्हणजे दोन झाडांना बांधलेल्या झोळीत, तिरकं झोपलं की पाठ जवळजवळ सपाट राहते, म्हणून मला तो आवडतो. पण थंडी खालून येते. अंगाखाली दबलेल्या स्लीपिंग बॅगेत हवा उरत नाही आणि हवा नाही तर ऊब नाही. त्यासाठी हॅमकच्या बाहेरून, खाली अंडरक्विल्ट नावाची रजई बांधायची. ती नसेल तर बाकी सगळी तयारी फुकट.

आता मशीन. सीपॅपची खरी वीज खातात ती ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा घालणारा भाग, आणि तापणारी नळी. रानात दोन्हींना सुट्टी. माझ्या छोट्या प्रवासी मशीनच्या नळीत ओलावा धरणारा फिल्टर बसतो. उच्छ्वासातली वाफ अडवून तो पुढच्या श्वासाला देतो, त्यामुळे नाक कोरडं पडत नाही. बॅटरीची डीसी वीज घरगुती एसीत बदलणारा इन्व्हर्टर मध्ये आणू नये, त्यात वीज वाया जाते. मशीनला चालणारी डीसी वायरच घ्यावी.

लिथियम बॅटरी गारठली की लवकर मान टाकते. ती मी लोकरी मोज्यात घालून पांघरुणात, कमरेशी ठेवतो. शून्याखाली गेलेली बॅटरी चार्ज मात्र कधीच करू नये, ती कायमची बिघडते. मशीनलाही थंडी सोसत नाही. बऱ्याच मशीनच्या माहितीपत्रकात 5 ते 35 अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं. म्हणून तेही कुशीत, पण हवा ओढायची जाळी उघडी ठेवून.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो नळीवर. हॅमकवर ताणलेल्या दोरीला, रिजलाइनला टांगली की कूस बदलताना मास्क ओढला जात नाही, पण आतली हवा बर्फासारखी होते. पांघरुणातून आणली तर हवा बरी, पण गुंता होतो. शेवटी छातीपर्यंत नळी पांघरुणातून आणली आणि पुढचा हातभर तुकडा फ्लीसच्या कव्हरात घालून दोरीला सैल बांधला. हे जमलं आणि मग डोळा लागला.

पहाटे जाग आली तेव्हा पारा शून्यावर होता. मास्कच्या भोकांतून बाहेर पडणारी वाफ पांघरुणाच्या काठावर गोठून पांढरी झाली होती, बोटाने खरवडली तर भुरभुर पडली. मास्क पुसायचे सुगंधी वाइप्स खाण्याच्या पिशवीत, झाडावर टांगलेले. इथे काळी अस्वलं आहेत आणि जमिनीपासून 10 फूट, खोडापासून 4 फूट हा नियम सगळ्याच वासाच्या वस्तूंना लावलेला बरा.

ॲपवर रात्रीचा एएचआय, म्हणजे तासाला श्वास अडण्याचा किंवा मंदावण्याचा आकडा, 5 च्या आत होता, घरच्यासारखाच. बॅटरी तिसरा हिस्सा शिल्लक. झोप पुरी झालेली, अंग हलकं; सामान गाडीत टाकलं आणि पार्कमधल्या हॉक्सबिल डोंगराच्या 4,051 फुटी माथ्याकडे निघालो.